विषय क्रमांक अकरा

टिपणी मीच टाइप केली.
लेखा विभाग, दुसरा मजला, खिडकीशेजारचं टेबल,
ज्याचा एक पाय जुन्या अंदाजपत्रकाच्या घडीवर उभा आहे.
‘शहर बससेवा. दर किलोमीटरमागे तूट
रुपये एकवीस, पैसे चाळीस.’
चाळीस पैसे मी दोनदा तपासले.
चाळीस पैशांत परभणीत काही मिळत नाही,
तूट मिळते.

बावीस बस घेतल्या होत्या. फुगे लावून, नारळ फोडून.
धावतात नऊ.
बाकीच्या डेपोमागच्या बाभळीत,
एकीत चौकीदाराची शेळी व्याली परवा.
त्यांचाही विमा मी दरसाल भरतो.

आणि सकाळी सात पन्नासला, खानापूर फाट्यावर,
डबा छातीशी धरून मी वाट बघतो
ती माझ्याच टिपणीतल्या ‘मार्ग चार’ची,
जिच्यापुढं मी लिहिलंय: प्रतिसाद अत्यल्प.

अत्यल्प म्हणजे रुखसार, नर्सिंगचं दुसरं वर्ष,
पांढरा कोट पिशवीत घडी करून नेते,
वसमत रोडची धूळ त्याच्यावर बसू नये म्हणून.
अत्यल्प म्हणजे मंगळवार-शुक्रवारचे शिवलिंगअप्पा,
मनगटावरच्या फुगीर शिरेला रुमाल बांधलेले.
जाताना ते उभे राहतात.
येताना कुणीतरी न सांगता उठतं.
धुरपताबाईचे शिंदीचे फडे मात्र रकान्यात कुठं धरावेत
मला कळलं नाही.
त्यांना अर्धं तिकीट लागतं नियमानं,
आणि कंडक्टर मंदाकिनी घनसावंत
नेमकी काळ्या कमानीपाशी खिडकीबाहेर बघते.
ही तुटीतली किती पैशांची तूट,
तेही मी धरलं नाही.

महासभेत विषय दहा होता स्वागत कमान.
कमानीवर कुणाचं नाव कोणाच्या वर,
यावर पावणेदोन तास.
मग जेवण. मग विषय अकरा.
चार मिनिटं, त्यातलं एक मिनिट माइक बंद.
हात वर करा म्हटलं, हात वर झाले.
मागच्या बाकावरचा एक चहावाल्यासाठी होता.
मी तोही मोजला.

दुसऱ्या दिवशी बस सात अठ्ठावन्नला आली.
मशीनमधला कागद संपलेला,
मंदाकिनी जुन्या तिकिटांच्या पाठीवर आकडे लिहून देत होती.
‘सोमवारचे दोन रुपये ऱ्हायले होते तुमचे,’ म्हणाली,
दिले. मग आवाज खाली आणून,
‘साहेब, तुम्ही तं तिथंच असता.
बंद करूलालेत म्हणून ऐकूलालाव, खरं हाय का?’

गिअर बदलताना ड्रायव्हर पठाणचाचाही
आरशातून माझ्याकडं बघत होते.
रुखसारनं कानातली वायर काढली.
मी म्हणालो,
‘अजून इतिवृत्त कायम झालेलं नाही.’

एक शब्द खोटा नव्हता त्यात.
एक शब्द कुणाला कळला नाही.
मग मागून धुरपताबाई,
‘म्हंजी चालू ऱ्हाईल.
म्या म्हणलंच व्हतं, उरुसात तं जादा सोडतेत,
बंद काहून करतेल?’
आणि तिनं शेजारच्या सीटवरचे फडे उचलून
मांडीवर घेतले,
‘बसा साहेब, उबं नका ऱ्हाऊ.’

मी बसलो.
पुलावरून खाली ऑटोची रांग दिसत होती,
गेल्या आठवड्यापेक्षा लांब.
त्यांना कुणी सांगितलं असेल,
बहुतेक आमच्याच मजल्यावरून.

ऑफिसात पोचल्यावर बाहीला
शिंदीची एक काडी चिकटलेली दिसली.
टाकावी म्हटलं, टोपली भरलेली.
इतिवृत्ताचा कागद मशीनला लावला,
सदस्यसंख्येपाशी थांबलो,
पाणी पिऊन आलो, पुन्हा थांबलो.
शेवटी ती काडी दुमडून
टेबलाच्या पायाखाली सारली, घडीच्या वर.

तरी डुगडुगतंच.