साडेचार मिनिटं

अपडेट मंगळवारी दुपारीच आलं होतं.
चार ओळींची सूचना, त्यातला एकच शब्द लाल.
मी ते रात्रीवर ढकललं,
कारण द्वारकेजवळच्या या रक्तपेढीत
दिवसा सर्व्हर बंद करणं म्हणजे
हायवेच्या मधोमध पाट मांडून जेवायला बसणं.

आता दोन वाजून दहा.
मी, शीतकपाटांची घरघर,
आणि रात्रपाळीची सुलक्षणा गांगुर्डे,
जी विचारते, "व्हायरस आलाय का?"
आला नाही, म्हणते मी. यायला वाट होती.
अकरा वर्षं होती.

कसं सांगू तिला, की स्क्रीनवर जे दिसतं
त्याच्या खाली, त्याच्याही खाली
एक लायब्ररी असते. तिच्यात पुस्तकं नसतात.
सगळे प्रोग्राम तिच्याकडून उसनं नेतात
अक्षरं कशी मोजायची,
मेमरी कशी मागायची, कशी परत करायची.
पिशवीचा बारकोड वाचणारा तिचा देणेकरी,
तापमान नोंदणारा, पावती छापणारा, तोही.
आणि तिच्या एका कोपऱ्यात कुणीतरी
ओतण्याआधी
भांडं केवढं आहे ते बघितलंच नव्हतं.

दुरुस्ती म्हणाल तर दोन ओळींची.
आधी माप घे.
जास्त असेल तर थांब.

तांबट आळीत आमच्या खोलीखाली
याकूबभाई कल्हई करायचे.
पातेलं बाहेरून कितीही लखलखीत असो,
ते आत बोट फिरवायचे आणि म्हणायचे,
"ताई, यात ताक नका ठेवू."
नुसतं बाहेरून चमकवून मागणाऱ्याला परत पाठवायचे.
मला वाटायचं, हा माणूस धंदा बुडवणार.
(बुडालाच. स्टीलमुळे.)

फाइल बदलली.
पण यात एक मेख आहे.
डिस्कवर नवी लायब्ररी बसली तरी
आधीपासून चालू असलेले प्रोग्राम
जुनीलाच धरून बसतात,
तिचं नाव यादीतून पुसलं गेल्यावरही.
माझे मामा अजून
पाडलेल्या टॉकीजचं नाव सांगून रिक्षा करतात
आणि रिक्षावाला बरोबर तिथेच सोडतो.
म्हणून सगळ्यांना एकदम झोपवून उठवायचं.
रीबूट.

साडेचार मिनिटं लागतात.
तेवढा वेळ शीतकपाटांवर कुणाची नजर नाही,
अलार्म मुका.
सुलक्षणा काही न बोलता
खणातून काचेचा थर्मामीटर काढते,
दोरीला बांधलेलं पेन, लांबट वही,
आणि कपाटासमोर स्टूल ओढते.

"चार."
मी काळ्या स्क्रीनसमोर.
"चार."
पांढरी अक्षरं धावू लागतात,
एका ओळीवर अडतात.
ही ओळ नेहमी अडते का? आठवत नाही.
"साडेचार," ती म्हणते,
मिनिटं नव्हे, अंश.

गोदावरीला पूर आला की सराफ बाजार
दुतोंड्या मारुतीकडे बघतो.
पाणी कमरेला, पाणी छातीला,
त्यावरून दुकानातलं काय आधी हलवायचं ते ठरतं.
माझ्याकडे मारुती नाही.
एक लुकलुकणारी रेघ आहे,
आणि मागे एका बाईचा आवाज,
"साडेचारच आहे. वाढलं नाही."

मग लॉगिन.
झालं, म्हणते मी, आता नको लिहूस.
ती तरी शेवटचा आकडा लिहिते,
वेळ घालून, सहीसकट.

सकाळी सिन्नरहून एकजण येतो,
घामाने मऊ झालेली चिठ्ठी, बी निगेटिव्ह, दोन पिशव्या.
बारकोडवर लाल रेघ फिरते, प्रिंटर पावती काढतो,
तो पैसे मोजतो, पुन्हा मोजतो, धावत जातो.
काउंटरवरचे खैरनार माझ्याकडे वळतात.
"मॅडम, रात्री काय केलंत?
माझ्या स्क्रीनवरचा नातीचा फोटो गेला."

बघते, म्हणते मी,
आणि खरंच बघायला बसते.