दुसरा ब्रेक

एकोणीस वर्षं मी डावीकडे बसते.
कोथरूड ते वारजे, वारजे ते कोथरूड,
पायाशी जादा ब्रेक, जादा क्लच,
मांडीवर हजेरीची वही.
चांदणी चौकाच्या चढावर गाडी मागे सरकली
की मी नुसती टाच दाबते
आणि रिटायर झालेल्या फडतरे काकांना वाटतं
त्यांनीच थांबवली.
वाटू देते.

माझं एकच वाक्य अख्ख्या पौड रोडला पाठ आहे:
घाबरलात की ब्रेक.
विचार नंतर.

तन्वीर बागवान माझ्याकडेच शिकला.
भोसरीच्या परीक्षेत रिव्हर्स घेताना खांबाला टेकला,
दोनदा नापास.
आता चाकणच्या पुढे, कांद्याचा वास संपतो तिथं,
ट्रॅकवर लोकांच्या गाड्या तयार करून देतो.
"मॅडम, एकदा या. चार लॅप. पेट्रोल माझं."

जुनी एस्टीम. मागची सीट काढलेली.
डावीसुद्धा.
तिथं नुसता पत्रा आणि चार बोल्ट.

पहिले दोन लॅप मी आरसेच बघत होते.
तिसऱ्यात इंडिकेटर द्यायला हात गेला
आणि हेल्मेटमध्ये एकटीच हसले.
चौथ्यात ते डावं वळण,
लांबून साधं दिसणारं, आत शिरल्यावर आणखी वळत जाणारं,
लग्नाची बोलणी करायला आलेल्या माणसासारखं.

वेग जास्त झालाय हे पाठीला आधी कळलं.
पाय उचलला.
एवढंच. फक्त उचलला.
आणि गाडीची मागची बाजू
माझी उरली नाही.

शांत असतं. हे कुणी सांगत नाही.
टायर किंचाळले असणार, मला ऐकू आले नाहीत.
काचेत डोंगर आडवा सरकू लागला,
मग रचलेल्या टायरांची भिंत, लाल पांढरी लाल पांढरी,
मग तन्वीरची पिवळी टोपी, नको त्या बाजूला.
माझा पाय
दोन फूट डावीकडचा ब्रेक शोधत होता
जो आज नव्हताच.

उजवा पाय खऱ्या ब्रेकवर येऊन टेकला.
टेकला. दाबला नाही.
का, ते अजून सांगता येत नाही.
सकाळी तन्वीर म्हणाला होता,
"भिंतीकडे बघाल तर भिंतीतच जाल,"
आणि मी मान डोलावली होती
जशी माझ्यापुढे सगळे डोलावतात.

नजर भिंतीवरून उपटून काढावी लागली.
रस्ता होता.
उजवीकडे, पार कडेला, सुताएवढा, पण होता.
हात नजरेमागून गेले.
पायानं पुन्हा ॲक्सिलरेटर, जरासा,
तवा तापला का बघायला बोट लावतात तेवढाच.
दोन चाकं गवतात. एक हिसका.
मग उलट्या अंगाला दुसरा, तो जास्त वाईट,
कारण जिंकल्यासारखं मी स्टिअरिंग आवळून धरलं होतं.
सैल सोडलं. बोटांतून फिरू दिलं.
तिसरा लहानसा.
मग गाडी सरळ चालू लागली,
काही झालंच नाही अशी.

तन्वीर धापा टाकत आला.
"ब्रेक नाही मारलात?"
"नाही."
"पण तुम्हीच तर..."
"हो."
त्यानं पाण्याची बाटली दिली.
झाकण मला उघडेना. त्यानंच उघडून दिलं.

सोमवारी सकाळी सात, डहाणूकर कॉलनी.
समोरून बस वळली, काका गोठले,
दोन्ही डोळे बसच्या नंबरावर.
माझी टाच पेडलवर.
"काका, बसकडे नका बघू. बाजूला जागा आहे, तिकडे बघा."
अर्धा सेकंद.
खरं तर अर्ध्याहून जास्त.
गाडी गेली. आरसा वाचला. काका म्हणाले,
"वेळेवर दाबलात, मॅडम."

मी काही बोलले नाही.
पुढच्या चौकात मात्र दाबलाच,
कचकन.
तिथं दाबायलाच हवा होता.