चौथा घाव

सोमवारी उद्यमनगर बंद असतं
म्हणून आमचं सुरू होतं.

शटर अर्धं वर. वाकून आत यायचं,
लोखंडाच्या किसातून पाय जपत.
आबांच्या लेथवर पोतं, पोत्यावर मुबीनचा लॅपटॉप.
त्याचा स्पेसबार गेल्या गणपतीत निघाला,
तिथं आता पेनाचं टोपण टोचायचं.
दिवसा तो लक्ष्मीपुरीत मोबाईलच्या काचा बदलतो.
लोक फुटलेली काच आणून देतात,
फुटतानाचा आवाज कुणीच आणत नाही,
म्हणून रात्री तो जुन्या काचा पुन्हा फोडतो
माइक जवळ धरून,
तान्ह्याला धरावं तसा.

प्रज्ञेशच्या घरी चपलांचं कातडं कुटतात.
तो ठक् त्यानं तीनशे वेळा रेकॉर्ड केला.
काकी म्हणाली, एवढ्यात दोन जोड झाले असते.
ओल्या कातड्याचा ठक् खाली बसतो, सुक्याचा उडतो,
हे त्याला चालायच्या आधीपासून ठाऊक.
आता फक्त फायलींना नावं द्यावी लागतात:
ओला सतरा. सुका चार. काकी खोकली.
काकी खोकली आम्ही ठेवला.
दर आठव्या फेरीला येतो.

मी शाहूपुरीत गुळाच्या अडत्याकडं बिलं करते.
सौद्यात बोली चढायला लागली की
मला आकडे ऐकू येत नाहीत, चढण ऐकू येते.
दोनदा हिशेब चुकला. शेठ म्हणाले,
लक्ष कुठाय पोरी?
रव्यावर कुणीतरी बोट वाजवून बघत होतं.
लक्ष तिथं होतं.

शब्द नसतात आमच्यात.
घरी सांगितलं, बीट करतोय.
आत्या म्हणाली, कोशिंबीर?

या सोमवारी तेवीस माणसं.
गेल्या खेपेला एकोणीस, त्यातले दोघे
पावडर कोटिंगचं दुकान शोधत चुकून आलेले.
एकजण इचलकरंजीहून शेवटच्या एसटीनं आला
पेनड्राइव्हमध्ये माग घेऊन.
चार मिनिटं नुसता धोटा, डावीकडून उजवीकडं,
आणि खाली, फार खाली, काहीतरी गुरगुरणारं.
टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
माना हलल्या.
मुबीन एवढंच म्हणाला, लगा, हे काय केलंस,
आणि त्याला बसायला
स्वतःचा ऑइलचा डबा दिला.

मग माझं लावलं.
दीड महिना घातला होता त्यात.
प्रेसचा आवाज, कातड्याचा, काचेचा,
सगळ्यांच्या वर रव्यावरचं ते बोट.
मध्यावर आलं आणि शटरखालून
आधी डबा आला, मागनं आबा.

एकतीस वर्षं पॉवर प्रेसजवळ.
डावा कान आधी गेला, उजवा त्याच्या मागनं,
जसे घरातले एकेक करून झोपायला जातात.
पोरं सरकली. कुणीतरी आवाज कमी करायला धावलं.
कशाला? मी म्हटलं.

आबांनी डबा ठेवला.
सवयीनं लेथच्या बेडवर हात ठेवला,
चालू मशिनीवर ठेवतात तसा,
आणि तिथंच राहिले.
स्पीकर त्याच बेडला टेकवलेले.
डोळे बारीक. मान जराशी कलती,
बेअरिंग वाजतंय का बघताना असते तशी.

"चौथा घाव मागं पडतोय."

तेवीस माणसं गप्प.
"मुद्दाम ठेवलाय," मी म्हणाले.
मग ओरडून म्हणाले.
मग त्यांच्या तळहातावर बोटानं दाखवलं:
एक. दोन. तीन.
थांबले.
चार.

"प्रेसला असं केलं असतं तर बोट जातं."

त्यांचं जे बोट नाही
तिथं मी बघितलं नाही.

डबा गार होत होता, वांग्याचा वास सुटलेला.
काकी एकदा खोकली स्पीकरमधून, संपलं.
आबांनी हात काढला नाही.
"पुन्हा लाव," म्हणाले,
"चौथा येईपर्यंत मी काय करायचं असतं ते
कळलं नाही मला."

मुबीननं टोपण टोचलं.