कोटेशन

पुण्याचं पत्र पाचव्या महिन्यात बेळगावात पोचलं,
जाड कागदाचं.
कविता आवडल्या, हे पहिल्या ओळीत.
मग पण.
पण यंदाची यादी भरली, पण दोन वर्षं थांबाल का,
पण शंभर प्रती तुम्हीच घेतल्यात तर बरं,
पण 'काय करायलैस' आमच्या वाचकाला अडेल,
तेवढं प्रमाणभाषेत करून द्या.

दुसरा कागद इराप्पाच्या प्रेसचा,
शहापूरच्या बोळातला,
कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या मागल्या कोऱ्या बाजूवर
पेन्सिलीनं : तीनशे प्रती, एकवीस हजार,
निम्मे ॲडव्हान्स.
थांबायचं नाही, बदलायचं नाही,
कोण वाचणार, तेही विचारायचं नाही.

सोसायटीत दिवसभर कर्जाचे अर्ज तपासते मी.
माझाच अर्ज समोर आला असता
तर तारण काय, म्हणून परत केला असता.

वडगावात रात्री माग थांबले
की शांततेनं कान दुखतात.
तेव्हा अप्पांना विचारलं.
हाताचं तेल पुसत म्हणाले,
शेठचं सूत विणलं तेव्हा मजुरी शनिवारच्या शनिवारी,
साडीवर शिक्का त्याचा.
मग स्वतःचं सूत घेतलं, शिक्का आपला,
आणि सायकलीला गठ्ठा बांधून खानापूर, नंदगड, हल्याळ.
विकायला गेलं की विणायचं राहतं,
विणत बसलं की विकायचं.
अकरा साड्या अजून ट्रंकेत आहेत.
"पण काठ बघ त्यांचा," म्हणाले
आणि खरंच ट्रंक उघडायला उठले.

गेल्या जानेवारीत कुद्रेमनीच्या संमेलनात
एक रिटायर मास्तर स्वतःचं पुस्तक घेऊन बसले होते,
मांडवाच्या खांबाशी, जेवणाच्या रांगेकडे तोंड करून.
लोक हात धुऊन यायचे,
कव्हरावर ओला अंगठा उमटवून
किंमत बघायचे, ठेवायचे.
दिवसभरात सात गेली.
एक मी घेतलं.
अजून उघडलेलं नाही.

आज इराप्पाकडं नमुन्याचं एकच पान लावून घेतलं.
घरी कन्नड बोलणारा तो
माझ्या ओळीखाली बोट फिरवत मोठ्यानं वाचतो,
अडतो. "हे करायलैस, असंच ठेवू?"
असंच.
"शेजारची म्हातारी असंच म्हणते," म्हणतो
आणि पुढं वाचतो, चुकत, पुन्हा मागं येत.
इतकं हळू माझं कुणी वाचलं नव्हतं.

खाली माझ्या आडनावात एक वेलांटी कमी पडलीय.
सांगते उद्या.
पत्राचं उत्तरही उद्या.