चौदा-पंधरा

बॉनेट काढून भिंतीला टेकवलं,
तर आतल्या बाजूला खडूनं लिहिलेलं: कॉइल बदलली.
माझंच अक्षर. तारीख नाही.

डुक्कर फियाट, निपाणीच्या तंबाखूवाल्यांची.
नातू म्हणतो, खर्चाचं बघू नका.
असं म्हणणाऱ्याचंच आधी बघावं लागतं.

रेडिएटर सोडला. घमेल्यात गंजाचं पाणी.
होज पाइप हातातच तुटले.
भरमा वायरी-वायरीला चिंध्या बांधत गेला,
हिरवी, तांबडी, एक बायकोच्या लुगड्याच्या काठाची,
पुढं कुठलं कुठं ते कळावं म्हणून.
सायलेन्सरचे नट रात्रभर डिझेल पाजून ठेवलेले,
तीन सुटले. चौथा छिन्नीनं.
मग खाली झोपून शाफ्ट, क्लच, गिअरची दांडी.
तोंडासमोर ग्रीस, पी. बी. रोडची धूळ खाऊन घट्ट झालेलं,
खरवसासारखं सुरीनं कापावं लागलं.

चेनब्लॉक रेल्वेच्या जुन्या रुळाला.
मी म्हटलं, सावकाश.
भरमा कानडीत म्हणाला, सावकाश.
शब्द तोच, त्याचा थोडा जास्त सावकाश.

इंजिन मान वर करून,
गिअरबॉक्सची शेपटी लोंबवत, तेल गाळत बाहेर आलं
आणि गाडीचं तोंड स्प्रिंगांवर चार बोटं वर उठलं.
पोतं टाकल्यावर हमाल उठतो तसं.
नाही, हमालही इतका उठत नाही.

पोकळीत बॅटरी मारली.
उंदराचं घर, सुपारीचं खांड, एक वॉशर,
आणि बोगद्याच्या कडेला, आडव्या पट्टीवर, झोपल्यासारखा
चौदा-पंधराचा रिंग पाना.

पुसेपर्यंत ओळखला नाही असं म्हणेन,
पण ओळखला होता.
दांड्यावर पंचचे तीन ठिपके, आमच्या बाबांनी ठोकलेले.

अडिव्याप्पा. बैलहोंगलकडचा. सोळाचा असेल.
पाना सापडेना त्या दिवशी मी त्याची पिशवी ओतली,
सगळ्यांसमोर. दोन भाकरी, शेंगाचटणी, एक आरसा.
पाना नव्हता.
तरी त्याला कळ्ळ म्हटलं.
चोर म्हणता आलं असतं, तेवढं मराठी त्याला कळायचं.
पण मला शब्द त्याच्या घरातला हवा होता,
नीट आत जाणारा.
पंधरा दिवसांचा पगार ठेवून घेतला.

फळ्यावर पान्याची रंगवलेली सावली राहिली,
बारा-तेरा आणि सोळा-सतराच्या मध्ये.
येईल त्याला दाखवायचो.
आणि ही गाडी, त्याच दिवशी क्लचला आलेली,
पाना पोटात घेऊन किती वेळा
आंबोली उतरली असेल, चढली असेल.

अण्णा, खाली घेऊ का? भरमा विचारतो.
साखळीत इंजिन अजून थोडं हलतंय.
घे. लाकडं घाल आधी.

पाना फळ्यावर लावला नाही. खिशात आहे, मांडीला लागतो.
भरमाला विचारलं, चुकलं कसं म्हणायचं तुमच्यात?
तप्पायतु, म्हणाला. कुणाला सांगायचंय?

इथंच जन्मलो. कानडीत भाव करतो, शिव्या देतो, उधारी मागतो.
हा एवढा कधी लागला नव्हता.

सीबीटीवरून बैलहोंगलची बस मिळेल.
पण उतरून विचारणार काय?
आडनाव कधी घेतलं नाही त्याचं.
हजेरीच्या वहीत नुसतं लिहायचो:
पोरगा, एक.