अंगठा खालून

इरण्णानं बाजा माझ्याकडे ठेवला
अठराशे रुपयांना.
लग्नसराई उरकली की नेतो, अक्का,
तोवर कुणाला हात लावू देऊ नका.
कुणाला, म्हणाला.
त्यात मी येत नाही, असं मी धरलं.

वैशाखातली दुपार. विडी घरकुलात
पत्रा तापून करकरत होता,
भिजवलेलं पानसुद्धा कात्रीखाली कडकडत होतं.
हजारातल्या तीनशे बाकी होत्या.
सूप बाजूला सरकवलं
आणि बाजा मांडीवर घेतला.
बरोब्बर बसला, सुपाच्याच जागी.
मांडीला फरकसुद्धा कळला नाही.

एकसष्ट पट्ट्या. मी माझ्या सवयीनं मोजल्या:
दोन कट्टे, वर अकरा.
एक काळी मेलेली,
दाबली की नुसतं टक्.

लेबलाच्या कागदाच्या कडा कापून
खळीनं चिकटवल्या,
सा, रे, ग, माझ्याच अक्षरात.
म चा पाय वाकडा आला.
राहू दिला.

शेजारची श्रावणी शाळेतून आली, म्हणाली,
काकू, बोटांना नंबर असतात.
अंगठा एक, करंगळी पाच.
एक, दोन, तीन वाजवायचं,
मग अंगठा खालून घ्यायचा,
बोटांच्या पुलाखालून, थेट म वर.

अंगठा खालून?
पोरी, चाळीस वर्षं दुसरं काय केलंय मी?
पान, चिमूटभर तंबाखू,
अंगठ्यानं आत लोट, वळ,
तोंड दुमड, दोरा.

पण चौथं बोट.
त्यानं जन्मात काही केलंच नव्हतं.
अंगठा नि तर्जनी राबली,
मधल्यानं टेकू दिला,
आणि ही शेवटची दोघं
वरपक्षाच्या पाहुण्यांसारखी बसून.
आता चौथ्याच्या वाट्याला नी आला,
करंगळीच्या वाट्याला वरचा सा.
चौथं उचललं की पाचवंही उठायचं,
जोडीनंच रजेवर जायची.

कारखान्यात चेकर मुठीनं विड्या उचलतो,
दाबून बघतो,
वीस-पंचवीस छाटून टाकतो.
पान माझं गेलं, वेळ माझा गेला,
पैसे नाहीत.
इथं चुकलेला सूर कुणी छाटत नाही.
वाजतो आणि विरतो.
पहिल्या दिवशी मी मुद्दाम चुकले,
दोनदा,
बघायला.

रात्री आवाज एकवर.
मालकांना मागांनी निम्मं बहिरं केलंय,
शेजारी पडलेले असतात.
सूर त्यांच्यापर्यंत जात नाही,
फरशीतून बोटांची टकटक तेवढी जाते.
अंधारात विचारतात,
काय शिवतेस गं?

गल्लीत म्हणायला लागले,
सत्तेम्माला खूळ लागलंय.
लागू दे.
हजाराच्या आठशे होऊ लागल्या होत्या,
त्याचं मात्र मला बोचत होतं,
दर शनिवारी, पगाराच्या रांगेत.

जेठाच्या शेवटी इरण्णा आला.
दहाच्या, वीसच्या नोटा,
वरातीत ओवाळून टाकलेल्या,
अजून गुलाल लागलेल्या.
अठराशे मोजले.
पट्ट्यांवरची अक्षरं बघितली,
वाकड्या म वर बोट फिरवलं,
ओरडला नाही.
व्याज काय द्यायचं, अक्का?

म्हटलं, बस इथं.
ही करंगळी एकटी कशी उठवायची,
तेवढं दाखव.

त्यानं माझ्या मनगटाखाली दोन बोटं धरली,
नुसती, पाखराखाली धरावी तशी.
सा, रे, ग,
अंगठा खालून,
म, प, ध,
नी जरा उशिरा,
आणि वरचा सा.
पोचले की रे, म्हटलं.

आता खाली या, तो म्हणाला.

खाली?
महिनाभर मी चढतच होते.
वर गेल्यावर हात उचलायचा
आणि पुन्हा पहिल्या पायरीवर ठेवायचा.
उतरायचंही असतं, हे डोक्यातच नव्हतं.
उतरताना अंगठा जागेवर थांबतो,
मधलं बोट त्याच्यावरून पुढं जातं.
अंगठा थांबतो!
तो कधी थांबलेला मला आठवेना.

बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न दिला.
इरण्णा दाराकडे न बघताच ओरडला,
थांब रे जरा,
व्याज फेडतोय.