डावा हात

दारखानच्या दवाखान्यात पहिल्या दिवशी
दुल्माबाईंनी माझा डावा हात
एप्रनच्या नाडीने पाठीशी बांधला.
"टोपण ट्रेमध्ये आडवं. सुई उजव्यानेच त्यात सरकव.
डाव्याचं इथे काम नाही."

बाहेर उणे तीस.
खुर्चीत गाल धरून बसलेला ट्रकवाला.
मी पुटपुटले, तोंड बघून कळतंच की
आजारी कोण.

त्या हसल्या नाहीत.
हातमोजा उतरवून अंगठा दाखवला.
नखाशेजारी काहीच नव्हतं,
टोचल्याची खूणसुद्धा.
"सत्तावीस वर्षं झाली. तोही असाच धडधाकट,
भूल चढेस्तोवर घोड्यांच्या गोष्टी सांगत होता."

मग स्वतःची दुपारची गोळी गिळली,
आणि सुई पिवळ्या डब्यात सोडली.
टक्.

आता नाडी कुणी बांधत नाही.
सुई उचलली की
डावा आपणहून पाठीमागे जातो.